कळमेश्वरच्या वामनमामांचं जहाज

माझ्या कॅमेऱ्यासमोर पडकी भिंत आली की ती राजवाड्यासारखी दिसते आणि माणूस आला की त्याचं डोकं जातं. हे मी विनयानं म्हणत नाही. घरात पुरावे आहेत. मेहुणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये हार घालणारे चार हात आहेत, ते कोणाचे हे बांगड्या आणि घड्याळ पाहून ठरवावं लागतं. उलट गारपिटीनं आडवी झालेली संत्र्याची बाग, उमरेडच्या उघड्या कोळसाखाणीचे काळे जिने, पाडायला काढलेल्या पुलाच्या हवेत लोंबणाऱ्या सळया, लोणारचं विवर, असलं काही असेल तर माझा फोटो पाहणारा घटकाभर बोलत नाही. कारण साधं आहे. पडझड डोळे मिचकावत नाही, पोट आत ओढत नाही आणि 'झालं का?' असं विचारत नाही. प्रताप नगरातल्या आमच्या बैठकीत अशा आठ पडझडी फ्रेम करून लावल्या आहेत. पाहुणे चहा पिताना जरा अवघडूनच बसतात.

"तुम्हाले चांगलं काही दिसतच नाही," बायको म्हणते. "सत्यानाश झाला की पहिले कॅमेरा."

तर अशा गृहस्थावर गेल्या पौषात एका जिवंत माणसाचा फोटो काढायची जबाबदारी आली. एकच फोटो, आणि हुकला तर पुन्हा नाही. त्यासाठी देशाच्या मधोमध बसलेल्या नागपुराहून पार समुद्रापर्यंत जायचं होतं.

कळमेश्वर

वामनमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. ज्या गावात पोहायला शिकायचं तर आधी पाण्याची विहीर शोधावी लागते, त्या कळमेश्वरातून हा माणूस तरुणपणी मुंबईला गेला आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात लागला. आधी यंत्रं पुसणारा, मग तेल घालणारा, मग फिटर. नऊ महिने समुद्र, तीन महिने कळमेश्वर, अशी पंचवीस वर्षं काढली. त्यांतली शेवटची अकरा एकाच जहाजावर. त्याचं नाव 'तारामती'. मामा सुट्टीवर आले की आम्ही भाचे त्यांच्या अंगणात खाटांवर आडवे पडून जपानजवळच्या वादळाची गोष्ट ऐकायचो. त्यातली लाट दोन मजले उंच होती. मी पुढे शाळेत भूगोलाचा मास्तर झालो तो त्या लाटेपायी. पगार पाहिला तर लाटेनं मला फसवलं, पण तो वेगळा विषय.

मामांची अडचण एकच. त्यांच्याकडे जहाजाचा एकही फोटो उरलेला नाही. अल्बम, कागदपत्रं, सगळं एका ट्रंकेत होतं. ते समुद्रावर असताना वाळवीनं जपानपासून ब्राझीलपर्यंत सगळं खाऊन टाकलं. त्यामुळे पानठेल्यावर बसणारे त्यांचे जुने सोबती गुलाबराव यांनी स्वतःचा एक सिद्धांत मांडला होता: वामन मुंबईत कुठल्याशा गोदामात होता, बोटीचं नुसतं नाव सांगते. मामा हसून सोडून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी लाट सांगायचे.

पण त्या पौषाआधीच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंगतीत गुलाबरावांनी चारचौघांत विचारलं, "वामन, तुही बोट आजकाल कुठं उभी राह्यते गा? आपल्या नाल्यात?" सगळी पंगत हसली. वाढणारी पोरंसुद्धा हसली. मामांनी हातातली पुरी पत्रावळीवर ठेवली आणि उठले. त्या दिवसापासून मामा पानठेल्यावर जाईनात, आणि त्यांच्या तोंडून समुद्र हा शब्दच गेला. मी भेटायला गेलो की ते पाऊसपाण्याचं बोलायचे. मामांनी हवापाण्याच्या गप्पा मारणं म्हणजे कीर्तनकारानं भाजीचे भाव सांगणं.

अशात भावनगरहून जीवाभाईंचा फोन आला. जीवाभाई म्हणजे तारामतीवरचे मामांचे जोडीदार. आता त्यांचं अलंगच्या रस्त्यावर दुकान आहे. अलंगच्या किनाऱ्यावर जगभरची म्हातारी जहाजं तोडायला येतात आणि त्यांतून निघालेलं सामान त्या रस्त्यावर विकतात.

"वामनभाई," ते म्हणाले, "अपनी तारामती आई है. नाम बदल दिया है, पर है वही. अमास की भरती में चढ़ाएँगे."

जहाज चढवणं म्हणजे काय हे मामांनी मला समजावलं. तिथं गोदी-बिदी काही नाही. सगळ्यांत मोठ्या भरतीच्या पाण्यावर जहाज पूर्ण वेगानं किनाऱ्यात घुसवतात. पाणी ओसरलं की ते चिखलात रुतून बसतं आणि त्याला तोडायला घेतात. असं पाणी महिन्यातून दोनदाच मिळतं, पुनवेला आणि अवसेला.

एवढं सांगून मामा मुद्द्यावर आले.

"इनू," ते म्हणाले, "मले तिच्यासंगं एक फोटो पाहिजे. तोडायच्या आंधी."

आठ महिन्यांत पहिल्यांदा ते समुद्राबद्दल बोलले होते. मी हो म्हणालो. माझ्या कॅमेऱ्यानं आजवर किती डोकी घेतली याचा विचार नंतर, घरी परतताना स्कूटरवर आला.

मी अवसेच्या दिवशी पोहोचू अशी गाडी पाहिली. मामी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली. अवस बुधवारी दुपारी लागत होती आणि आमची गाडी होती बुधवारी संध्याकाळी.

"अवस लागल्यावर घरातून पाय काढाचा नाही," मामी म्हणाली. "सुटली की निंघू. गुरुवारी संध्याकाळी."

मी मास्तरपणावर आलो. टोपलीतली संत्री घेतली, एक सूर्य केला, एक पृथ्वी केली, चंद्राला लिंबू ठेवलं. हे तिघं अवसेला एका रांगेत येतात, त्याच दिवशी सगळ्यांत मोठी भरती, आपण गुरुवारी निघालो तर शुक्रवारी पोहोचू, तोवर जहाज चढून गेलेलं असेल, असं सगळं सांगितलं. मामीनं शांतपणे ऐकलं. मग पृथ्वी उचलली, सोलली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "गुरुवारी."

मी मामांकडे पाहिलं. "मामा, तुमी त सांगा."

"काय सांगू बाप्पा?" मामा म्हणाले. "पंचवीस वर्सं हिनं मुहूर्त काढला, पंचवीस वर्सं मी वापस आलो. आता कोणत्या तोंडानं नाही म्हनू?"

आम्ही गुरुवारी निघालो.

भावनगर

गाडीतला प्रवास सांगण्यासारखा नाही. मामीच्या डब्यातले पराठे अहमदाबादपर्यंत पुरले आणि मामा खिडकीतून बाहेर पाहत राहिले, एवढं बस आहे. शुक्रवारी संध्याकाळी भावनगरच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा मी मनात सांत्वनाची वाक्यं तयार करत होतो.

जीवाभाई समोर उभे होते. बुटके, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांचे दंड धरले आणि कितीतरी वेळ ते तसेच उभे राहिले. मामांची हिंमत होत नव्हती, म्हणून जहाजाचं मीच विचारलं.

"जहाज चढ़ गया?"

"तारामती? कल चढ़ेगी. दोपहर के बाद."

"पर अमावस तो कल हो गई."

"मास्टरजी, अमास के दिन पानी पूरा नहीं आता. असली पानी दूज को आता है. चाँद की बात समंदर को समझते-समझते डेढ़-दो दिन लग जाते हैं."

पंचवीस वर्षं मी फळ्यावर रंगीत खडूनं सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढतो आहे. समुद्राला समजायला वेळ लागतो ही गोष्ट माझ्या पुस्तकात नव्हती, आणि असली तर मी ते पान पुढच्या तासावर ढकललं असेल. मामीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला, झाकण लावलं.

"थे संत्रं कोणतं होतं गा इनू?" तिनं विचारलं. "सूर्य का पृथ्वी?"

मामा हसले. बऱ्याच महिन्यांनी.

रात्री जीवाभाईंच्या घरी जेवण होतं. बाजरीचे जाड रोटले, वर लोण्याचा गोळा, भाजलेल्या वांग्याचं भरीत, गूळ, कढी. कढी गोड होती. आमच्याकडे कढी गोड लागली तर ताकाऐवजी दूध तर घातलं नाही ना म्हणून शेजारी विचारतात. मामीनं एक घास खाल्ला, यजमानाचा मान राखायला दोनदा मान हलवली, आणि पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली. मामी माहेरची भिवापूरची. तिथली मिरची घेतल्याशिवाय ती शेजारच्या गावीसुद्धा जात नाही, आणि ही तर परमुलखाची वारी होती.

"बहनजी, हम काठियावाडी हैं," जीवाभाई हसत म्हणाले. "तीखा हमें मत सिखाओ." त्यांनी चिमूटभर तिखट रोटल्यावर घेतलं आणि खाल्लं. मग ते उठून अंगणात गेले. बऱ्याच वेळानं परतले तेव्हा मफलर डोक्यावर नव्हता, हातात होता, आणि त्यानं ते डोळे पुसत होते.

"मले वाटलं सांगावं," मामी म्हणाली, "पण थे मोठे बोलून राहिले होते."

कोळियाक

जहाज दुपारनंतर येणार होतं, म्हणून सकाळी जीवाभाईंनी आम्हाला समुद्रातला महादेव दाखवायला नेलं. कोळियाकच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्राच्या तळावर, एका दगडी चौथऱ्यावर शिवलिंगं आहेत. भरतीत सगळं पाण्याखाली जातं, नुसता झेंडा दिसतो. ओहोटी लागली की समुद्र मागं सरतो आणि लोक तळावरून चालत दर्शनाला जातात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं. जिथवर नजर जाते तिथवर ओला, करडा, चकाकणारा चिखल, त्यावर लाटांच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या, आणि दूर एका रेषेवर गेलेला समुद्र. असं वाटत होतं की कुणीतरी मोठ्या घरातलं सगळं सामान काढून घर नुकतंच रिकामं केलं आहे. माझ्यासारख्याला याहून काय हवं? मी वेड्यासारखे फोटो काढले. मामा माझ्या मागं उभं राहून एकेक सांगत होते: हा चिखल कोणता, ही वळी कशानं पडते, पाणी पहिले कुठून येईल. त्यांचा आवाज परत आला होता.

घोटाळा चपलांचा झाला. देवळात जाताना चपला बाहेर काढायच्या, हे आमच्या हाडात आहे. मी चौथऱ्याच्या चार पावलं अलीकडे, नीट जोडीनं, शेजारी दगड ठेवून चपला काढल्या. इथं 'बाहेर' म्हणजे समुद्र, हे लक्षात आलं नाही. बाकीचे लोक चपला हातात घेऊन हिंडत होते ते मला जरा अशिष्टच वाटलं. दर्शन झालं, झेंड्याचे दहा फोटो झाले, मामा दोनदा म्हणाले, "इनू, पाणी फिरलं, चाल." परतलो तेव्हा दगड होता, चपला नव्हत्या. घोट्याएवढं पाणी त्या जागेवरून निवांत चाललं होतं.

"अरबस्तानात निंघतीन," मामांनी दिलासा दिला.

पुढचा सगळा दिवस मी अनवाणी होतो.

जहाजांच्या सामानाचा रस्ता

अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात एकेक जहाज फुटून पसरलं आहे. नारिंगी जीवरक्षक जाकिटांचे डोंगर, गोल खिडक्या, उलट्या टांगलेल्या होड्या, हजार कपबश्या, कोरियन भाषेत काहीबाही लिहिलेली कपाटं, व्यायामाच्या सायकली. मी पडझडीचा शौकीन, पण अशी नीटनेटकी लावून ठेवलेली पडझड मी पाहिली नव्हती. नागपुरात सीताबर्डीच्या रविवारच्या बाजारात जुनं सामान मिळतं, पण तिथं एखादं आख्खं गाव मोडून विकायला बसवलं आहे असं वाटत नाही.

मामीनं जहाजाच्या स्वयंपाकघरातला एक डाव घेतला. तो इतका मोठा होता की गावजेवणाला पुरावा. तो तिच्या पिशवीत आडवा बसेना, म्हणून पिशवीतलं सामान इकडेतिकडे करावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जीवाभाईंच्या दुकानात मागल्या बाजूला लोखंडी पलंग रचून ठेवले होते. अरुंद, एका माणसाचे, कडेला लाकडी पट्टी उभी लावलेली. मामा एका पलंगाजवळ थांबले आणि पट्टीवर हात फिरवला.

"ही काहून?" मामीनं विचारलं.

"जहाज कललं की माणूस खाली पडू नाही म्हणून."

मामीनं पलंग वरून खाली पाहिला. "एवढ्याशा जागेत निजत होते तुमी?"

"हो."

"अकरा वर्सं?"

"पंचवीस वर्सं. जहाजं बदलली, पलंग एवढाच."

मामीनं पदर खोचला, चपला काढल्या आणि सरळ त्या पलंगावर जाऊन उताणी पडली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. तिनं डोळे मिटले, एकदा या कुशीवर झाली, एकदा त्या, आणि पट्टीला हात लावून पाहिला. मग उठून बसली.

"मले कधी सांगतलं नाही," ती म्हणाली.

"लाटाचं सांगत होतो ना," मामा म्हणाले. "पलंगाचं काय सांगाव?"

मी कॅमेरा काढला नाही. काढला असता तर मामीचं डोकं गेलं असतं.

तारामती

जहाज तोडतात त्या जागेच्या आत बाहेरच्यांना कॅमेरा नेता येत नाही. जीवाभाईंनी आम्हाला त्यापलीकडे, मच्छीमारांच्या होड्या लागतात तिथल्या मोकळ्या किनाऱ्यावर नेलं; तारामती लगतच्याच जागेत चढणार होती. डावीकडे किनाऱ्याच्या कडेनं अर्धी कापलेली जहाजं ओळीनं उभी होती. कुणाचं नाक नव्हतं, कुणाची पाठ नव्हती, कुणाच्या पोटातले मजले उघडे पडून घरांसारखे दिसत होते. माझा हात शिवशिवत होता, पण मी ठरवलं होतं: आज पडझड नाही. आज माणूस.

तयारी मी चोख केली. मामांसाठी वाळूत रेघ ओढली. त्यांना दोनदा बजावलं: जहाज मागं येईल, तुम्ही माझ्याकडे पाहायचं, हलायचं नाही. मामांनी मामीनं विणलेला तपकिरी स्वेटर घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं यंत्र बिघडेल या भीतीनं कॅमेरा मी पिशवीतच ठेवला. कोरड्या मुलखातल्या माणसाला असल्या भीती फार.

क्षितिजावर एक ठिपका तासभर नुसता उभा होता. मग त्यानं तोंड आमच्याकडे वळवलं. समोरून येणारं जहाज पुढे सरकताना दिसत नाही, नुसतं मोठं होत जातं. आधी गाडीएवढं, मग आमच्या शाळेएवढं, मग शाळेवर शाळा ठेवल्याएवढं. रिकामं असल्यामुळे त्याचं गंजलेलं लाल पोट पाण्याबाहेर आलं होतं. नाकाडावर नवं नाव रंगवलं होतं, पण उन्हात त्या रंगाखालून वेल्डिंगनं उठवलेल्या जुन्या अक्षरांच्या उभार कडा दिसत होत्या. मामांनी हातानं डोळ्यांवर सावली केली.

"पाह्य," ते म्हणाले. "तारामती. रंगानं नाव झाकते गा, वेल्डिंग झाकत नाही."

मी पिशवीची चेन उघडली. आत सगळं लाल होतं.

मामीची मिरचीची पुडी. डाव बसवताना ती पुडी माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत गेली होती. "तिले आतून गादी आहे ना," ती नंतर म्हणाली, "मनलं फुटणार नाही." गाठ सुटली होती. मी कॅमेरा झटकला, भिंग फुंकलं, रुमालानं पुसलं, पुन्हा पुसलं, आणि भिंग लख्ख झालेलं पाहून स्वतःवर खूश झालो. ज्या भोकाला आपण डोळा लावतो त्याच्याभोवती रबराची एक कडी असते. ती मात्र मी पुसली नाही.

कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. पुढचं वर्णन मला करता येत नाही, कारण त्यानंतर मला काही दिसलंच नाही. आधी उजवा डोळा गेला, मग तो चोळलेल्या हातानं डावा गेला. नाकातून, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पायांखाली मात्र कळत होतं. अनवाणी होतो म्हणून कळलं: आधी वाळूत बारीक थरथर, मग जमिनीच्या आतून एक लांबच लांब गुरगुर, जणू कुणी डोंगर ओढत आणतंय.

"मामा!" मी ओरडलो. "इकडे पाहा! माझ्याकडे!"

आणि जिकडून मामांचा शेवटचा आवाज आला होता तिकडे कॅमेरा धरून बटण दाबलं. दाबलं ते सोडलंच नाही. डोळे घट्ट मिटलेले, गालांवर पाणी, आणि कॅमेरा कट-कट-कट करत राहिला.

मग गुरगुर थांबली. इंजिनाची धडधड आणखी थोडा वेळ चालू होती. मग तीही थांबली.

"बंद केलं," मामांचा आवाज आला. अगदी हळू.

कुणीतरी मला मिठी मारली. मफलरच्या वासावरून जीवाभाई कळले. "मास्टरजी," ते हुंदका देत म्हणाले, "आप तो एक दिन भी जहाज पर नहीं रहे, फिर भी इतना रोना आया आपको." एका कोळिणीनं पाण्याचा तांब्या हातात दिला. होड्यांजवळचे दोघंतिघं येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. अशा वेळी खरं सांगायला जागा नसते. मी रडलो. मिरचीचं रडणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, हे मलाही सांगता यायचं नाही.

फक्त मामी पिशवीपाशी गेली, आत वाकून पाहिलं आणि चेन हळूच लावून टाकली.

डोळे उघडायला अर्धा तास गेला. तारामती समोर उभी होती, नाक वाळूत, चिखलात बसलेल्या म्हशीसारखी शांत. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहायला घेतले. एक्केचाळीस होते. आकाश, वाळू, आकाश, माझा अंगठा, जीवाभाईंचा कान, पुन्हा वाळू. मामा शेजारी उभे राहून पाहत होते.

तेविसावा फोटो आला.

अख्खं जहाज, नाकाडापासून धुराड्यापर्यंत. दोन्ही बाजूंना फुटलेल्या पाण्याच्या भिंती. डावीकडे दूरवर पसरलेली कापलेल्या जहाजांची ओळ. आणि खाली मधोमध, डोक्यापासून पायांपर्यंत पुरा एक म्हातारा माणूस, तपकिरी स्वेटर, उजवा हात वर केलेला. असा फोटो मी डोळे उघडे ठेवून जन्मात काढला नव्हता. मी किनाऱ्यावर अनवाणी नाचलो. लाज वाटते, पण नाचलो. जीवाभाईही नाचले, त्यांना काय झालं हे माहीत नसताना.

मामांनी कॅमेरा हातात घेऊन तो फोटो पाहिला, पुष्कळ वेळ.

"डोकं आलं गा माझं," ते म्हणाले.

डोकं आलं होतं. तोंड नव्हतं. मामा पाठमोरे होते. मी ओरडत असताना त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

पुन्हा कळमेश्वर

फोटो मोठा करून फ्रेम केला. बायकोनं पाहिला आणि बैठकीतल्या आठ पडझडींतली मधली काढून जागा करू लागली, पण तो आमच्यासाठी नव्हता. एका रविवारी मी आणि मामा तो पानठेल्यावर घेऊन गेलो. दहा महिन्यांनी मामा तिथं पाय ठेवत होते. बाकावर गुलाबराव आणि नेहमीची मंडळी होती. फ्रेम हातोहात फिरली. पानवाल्यानं चुन्याचा हात पुसून पाहिली.

गुलाबरावांनी चष्मा वर केला, खाली केला. फ्रेम उन्हाकडे तिरपी करून पाहिली.

"जहाज त खरं आहे गा," ते म्हणाले. "मोठंच आहे. पण हा मानूस पाठमोरा आहे. हा वामन कशावरून? कोणी बी असू शकते."

मी तोंड उघडलं. स्वेटर, वेल्डिंग, भरती, सगळं सांगणार होतो. तेवढ्यात मागून मामीचा आवाज आला. ती बाजारातून भाजी घेऊन येत होती आणि पानठेल्यासमोर थांबली होती. बायका तिथं थांबत नाहीत. ती थांबली.

"गुलाबभाऊ," ती म्हणाली, "हा मानूस निंघाला की दर सालाले मी नागपूर स्टेशनवर जाऊन उभी राहत होती. गाडीत चढला की कधी मांगं वळून पाहे नाही. वळला त जाववत नाही म्हने. नुसता उजवा हात वर करे. असा." तिनं भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर करून दाखवला. "पंचवीस वर्सं मी तोंड पाहिलंच नाही नऊ-नऊ महिने. पाठच तेवढी संगं घेऊन घरी येत होती. थ्या पाठीले मी नाही ओळखीन त कोण ओळखीन?"

पानवाल्याचा अडकित्ता थांबला. गुलाबरावांनी पुन्हा एकदा फोटोतला हात पाहिला, मग मामीचा. फ्रेम जपून मांडीवर ठेवली आणि बाकावर एका माणसाची जागा होईल एवढे सरकले.

"बस गा वामन," ते म्हणाले. "मंग थ्या जपानच्या वादळाचं काय झालं होतं?"

मामा बसले. पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं, आणि सुरुवात केली. मी लक्ष देऊन ऐकत होतो. लाट या वेळी तीन मजले उंच होती. कुणीही हरकत घेतली नाही.